पीएलमधला ताण: विश्रांती थकव्याला द्यावी, भीतीला नव्हे

प्रश्न थोडक्यात असा आहे: अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला, मेकॅनिकल शाखेत, पुण्यात वसतिगृहावर राहणारा विद्यार्थी. पीएल, म्हणजे परीक्षेआधीची अभ्यासाची सुट्टी, लागून चार दिवस झाले, पहिला पेपर बारा दिवसांवर आणि तोच एम-थ्रीचा, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या भागाचा. पहिल्या वर्षाचा एक विषय अजून बॅक आहे, म्हणजे सुटायचा राहिला आहे. पुस्तक उघडले की छातीत धडधडते, दोन पाने होतात न होतात तोच मोबाइल हातात येतो, रात्री तीनपर्यंत झोप लागत नाही. आई फोनवर रोज ध्यान करायला सांगते, मित्र सिनेमाला चल म्हणतात. ताण घालवण्यासाठी नेमके काय करावे?

गेली अठरा वर्षे मी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे समुपदेशन करते आहे. माझ्याकडे येणाऱ्यांचे दोन हंगाम असतात, एक दिवाळीनंतरचा आणि दुसरा एप्रिल-मेचा. सबमिशन संपून फायली सर्टिफाय झाल्या आणि पीएल लागली की चार-पाच दिवसांत दारावर थाप पडते. इतक्या वर्षांत मला एक गोष्ट सातत्याने दिसली आहे. भीती वाटली की मुले विश्रांती घेतात आणि दमली की अभ्यास करतात. करायचे असते ते बरोबर याच्या उलट. ताण घालवण्याचे उपाय तुम्ही विचारलेत, ते सांगतेच. परंतु कोणता उपाय कशावर चालतो हे आधी ठरले नाही, तर चांगला उपायही वाया जातो.

तुम्हाला आत्ता थकवा आहे की भीती, हे ओळखण्याची एक साधी खूण आहे. विषय बदलला की माणूस टवटवीत होतो का, ते पाहावे. खरोखर दमलेल्या मुलाला आवडती मॅचसुद्धा पाहवत नाही, डोळे चुरचुरतात, एकच ओळ तीनदा वाचूनही डोक्यात शिरत नाही आणि समोरच्याचे साधे बोलणेही टोचते. घाबरलेल्या मुलाचे तसे नसते. पुस्तक मिटले की त्याला एकदम हुशारी येते, तो दोन तास रील पाहू शकतो, मेसमध्ये जोरजोरात वाद घालू शकतो आणि पुन्हा पुस्तकापाशी आला की त्याचे हातपाय गळतात. तुमच्या प्रश्नात दोन पानांनंतर मोबाइल हातात येतो आणि रात्री तीनपर्यंत झोप लागत नाही. ही भीती आहे. पहाटे तीनला झोपून सकाळी उठल्यावर जे जाणवते तो थकवा, आणि तो या भीतीच्या पोटी जन्मलेला आहे.

भीतीला विश्रांती का चालत नाही, याचे कारण गुंतागुंतीचे नाही. एम-थ्रीतल्या व्हेक्टर कॅल्क्युलसचे पान उघडल्यावर छातीत धडधडले आणि तुम्ही पान मिटून खाली चहाला गेलात, तर धडधड थांबते. मेंदू त्यातून एवढेच शिकतो की ते पान धोक्याचे होते आणि पळालो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी धडधड पान उघडण्याआधीच, टेबलाकडे चालत जातानाच सुरू होते. चहा, सिनेमा, ध्यान, टेकडी यांतली कोणतीही गोष्ट पळण्याची वाट म्हणून वापरली की ती भीतीला खतपाणीच घालते.

दुसरे असे, की धडधड ही स्वतः शत्रू नाही. १९०८ साली यर्क्स आणि डॉडसन या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी उंदरांना विजेचे सौम्य-तीव्र झटके देऊन प्रयोग केले होते. उंदरांना ओळखायचा फरक सोपा होता तेव्हा जोरदार झटक्यांनी शिकणे वेगाने झाले. फरक अवघड होता तेव्हा मात्र मध्यम झटकाच उत्तम ठरला. त्या प्रयोगावरून नंतर लोकांनी वाटेल तेवढे निष्कर्ष काढले असले, तरी त्यातला गाभा माझ्या अनुभवाशी जुळतो. थोडी धडधड तुम्हाला टेबलाशी बसवते. अजिबात धडधड नसलेला मुलगा पीएलमध्ये गोव्याला जातो आणि नंतर पुढच्या सत्रात माझ्याकडे येतो. म्हणून धडधड शून्यावर आणणे हे आपले उद्दिष्ट नाही. हात चालू लागेल इतपत ती उतरवायची आहे.

त्यासाठी श्वास हे सर्वांत हाताशी असलेले साधन आहे. मी शिकवते ती पद्धत अशी आहे. खुर्चीत पाठ टेकवून बसावे आणि दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण टेकवावेत. नाकाने श्वास घ्यावा, तो भरत आला की वरून आणखी एक छोटा श्वास घ्यावा आणि मग ओठांचा चंबू करून, गरम चहावर फुंकर घालावी तसा, सावकाश आणि पूर्ण सोडावा. सोडण्याला घेण्यापेक्षा दुप्पट वेळ लागला पाहिजे. श्वास सोडताना हृदयाचे ठोके आपोआप थोडे मंदावतात. हा शरीराचाच नियम आहे, त्यासाठी श्रद्धा लागत नाही. असे आठ-दहा श्वास पुरतात. चक्कर आल्यासारखे वाटले तर तुम्ही घाई करत आहात असे समजावे आणि नेहमीसारखा श्वास घेऊ लागावे. हे करताना पुस्तक समोर उघडेच ठेवायचे आहे, ही माझी अट असते. श्वास मंदावला की त्याच पानाकडे पाहायचे. पान मिटून, गॅलरीत जाऊन, तिथून परतच न येणे म्हणजे तोच जुना चहा झाला.

श्वास उतरला की पुढची पायरी कोऱ्या कागदाची, आणि माझ्या मते भीतीवरचा खरा उतारा हाच आहे. काही वर्षांपूर्वी तुमच्यासारखाच एक मुलगा माझ्यासमोर बसला होता. “मॅडम, मला काहीच येत नाही,” हे वाक्य त्याने दहा मिनिटांत सहा वेळा उच्चारले. मी त्याला एक कोरा कागद दिला आणि ज्या युनिटची सर्वाधिक धास्ती आहे त्याचे नाव वर लिहायला सांगितले. मग घड्याळ लावून दहा मिनिटे दिली: पुस्तक न पाहता आठवेल ते लिहायचे, सूत्र अर्धे आठवले तर अर्धे, आकृती वाकडी आली तर वाकडी. पहिली दोन मिनिटे त्याने पेनचे टोपण काढले आणि लावले. नंतर त्याने ग्रेडियंटची व्याख्या लिहिली, ती खोडली, पुन्हा लिहिली. दहा मिनिटांनी कागदावर अकरा ओळी होत्या, त्यांतल्या सात बरोबर होत्या, आणि कर्ल व डायव्हर्जन्स यांची त्याने अदलाबदल केली होती. “काहीच येत नाही” याच्या जागी आता “कर्ल आणि डायव्हर्जन्समध्ये घोळ होतो” हे वाक्य आले होते. पहिल्या वाक्यावर काही करता येत नाही. दुसऱ्यावर एका दुपारी काम करता येते. त्या वेळी त्याचा खांदा खाली उतरलेला मला स्पष्ट दिसला, आणि तोपर्यंत मी त्याला ताण घालवण्याचा एकही उपाय सांगितलेला नव्हता.

हा कागद ताणासाठी आहे तसा अभ्यासासाठीही आहे. रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात, एकच उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत जास्त आठवले होते. आठवड्याने मात्र पुस्तक बाजूला ठेवून आठवून पाहणारे पुढे गेले. पीएलमधला मोठा धोका इथेच आहे. वाचून वाचून “येतंय” असे वाटते, तो दिलासा पाच मिनिटांचा असतो आणि तीन दिवसांनी पाने कोरी झालेली पाहून भीती दुप्पट होते. म्हणून दर दीड-दोन तासांच्या अभ्यासाअखेर एक कोरा कागद घ्यावा. सुरुवातीला अपमान वाटेल, तिसऱ्या दिवसापासून त्याचीच सवय लागते.

आता थकव्याकडे वळते, कारण तो खराही असतो. थकव्याला विश्रांतीच हवी आणि ती विनाअपराध घ्यावी. विश्रांतीची निवड करताना माझी कसोटी अशी असते, की त्या गोष्टीला स्वतःचा शेवट असावा आणि तिच्यात डोळ्यांपेक्षा हातपायांना जास्त काम असावे. कॅरमचा एक बोर्ड संपतो, टेबल टेनिसचा गेम अकरा गुणांना संपतो, बादलीभर कपडे धुऊन दोरीवर पडले की काम संपते. रील संपत नाहीत. शिवाय रील पाहताना मान, डोळे आणि लक्ष हेच त्रिकूट राबते, जे आधीच अभ्यासाने शिणलेले असते. त्यामुळे अर्ध्या तासाने माणूस उठतो तो बसला होता त्याहून जड होऊन उठतो. मी मोबाइलच्या विरोधात नाही. पीएलमध्ये तो विश्रांतीच्या वेषात येतो आणि विश्रांती देत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

सर्वांत चांगली विश्रांती म्हणजे चालणे. पुण्यात तुम्हाला त्यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत. वसतिगृह डेक्कन किंवा कोथरूडच्या बाजूला असेल तर हनुमान टेकडी किंवा वेताळ टेकडी आहे, स्वारगेटच्या बाजूला असेल तर पर्वतीच्या पायऱ्या आहेत. सकाळी किंवा उन्हे कलल्यावर तीस-चाळीस मिनिटे, जरा घाम येईल इतके चालावे, कानात लेक्चर न लावता. सोबत कोणी असेल तर उत्तम, मात्र “किती युनिट झाले तुझे” हा प्रश्न टेकडीवर विचारायचा नाही असा करार आधी करून घ्यावा. टेकडी लांब असेल तर वसतिगृहाची गच्चीही चालते. परीक्षेच्या काळात व्यायामशाळेत नवी वजने उचलायला मात्र सुरुवात करू नये. दुसऱ्या दिवशी दुखणारे दंड घेऊन अडीच तास लिहिणे सोपे नसते.

खाण्याविषयी थोडक्यात सांगते. बहुतेक मेस रविवारी दुपारी फीस्ट देऊन संध्याकाळी बंद असतात, आणि पीएलमधल्या रविवारी रात्री निम्मे वसतिगृह वडापाव आणि चहावर झोपते किंवा झोपतच नाही. त्या संध्याकाळची सोय दुपारीच करून ठेवावी. चहा-कॉफीचा हिशेबही सोपा आहे: शरीरातले कॅफिन निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात. रात्री दहाला घेतलेल्या कडक कॉफीतले निम्मे कॅफिन पहाटे तीनला तुमच्यासोबत जागेच असते. तुमची तीनची वेळ वाचून मला हे विचारावेसे वाटते, की शेवटचा कप कितीला असतो? तो संध्याकाळी पाचच्या अलीकडे आणा.

झोपेचे आणखी दोन उपाय आहेत. अंथरुणावर पडल्यावर डोक्यात फिरणारे विचार बहुधा राहिलेल्या कामांचे असतात. अमेरिकेतील बेलर विद्यापीठात २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, झोपण्यापूर्वी पाच मिनिटे पुढच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना, झालेली कामे लिहिणाऱ्यांपेक्षा सुमारे नऊ मिनिटे आधी झोप लागली, आणि यादी जितकी तपशीलवार तितका फायदा अधिक दिसला. प्रयोग छोटा होता, ५७ जणांचा, पण करून पाहायला एक कागदच लागतो. “उद्या एम-थ्री” असे मोघम न लिहिता “उद्या ८ ते १०, कर्लची पाच गणिते, मागच्या पेपरांतली” असे लिहावे. दुसरा उपाय स्नायूंचा आहे. एडमंड जेकबसन या अमेरिकी वैद्यकाने गेल्या शतकाच्या पूर्वार्धात मांडलेली पद्धत आजही शिकवली जाते: मूठ पाच सेकंद घट्ट आवळायची, मग एकदम सोडायची आणि सैल झालेल्या हाताकडे दहा-पंधरा सेकंद लक्ष द्यायचे, तसेच दंड, खांदे, कपाळ, जबडा, पोट, मांड्या, पोटऱ्या. अभ्यास करणाऱ्यांचा ताण जबड्यात आणि खांद्यांत साठतो, हे तुम्हाला पहिल्याच रात्री कळेल. बहुतेकांना पोटऱ्यांपर्यंत पोहोचण्याआधीच झोप लागते.

“नाइट मारणे” हा वसतिगृहातला पराक्रम समजला जातो. दिवसभर शिकलेले पक्के होण्याचे बरेच काम झोपेत चालते, त्यामुळे पेपरच्या आदल्या रात्री जागणारा मुलगा दुकानात माल भरून शटर उघडे टाकून जाणाऱ्या दुकानदारासारखा असतो. दुपारी डुलकी हवी असेल तर वीस मिनिटांचा गजर लावून घ्यावी. दीड-दोन तास झोपून उठल्यावरचा जडपणा संध्याकाळ खातो.

आईच्या ध्यानाविषयी तुम्ही थोड्या वैतागाने लिहिले आहे, पण आईचे म्हणणे चुकीचे नाही; वेळ चुकीची असू शकते. ज्याने कधी ध्यान केलेले नाही, त्याला परीक्षेच्या बारा दिवस आधी डोळे मिटून बसवले तर पुष्कळदा डोळ्यांपुढे निकालच येतो आणि छातीतली धडधड अधिकच ऐकू येऊ लागते. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ साली रोज पाच मिनिटांचे ध्यान आणि रोज पाच मिनिटांचे श्वसन यांची तुलना केली. चिंता दोन्हींनी कमी झाली, मात्र मन प्रसन्न राहण्यात, वर सांगितलेला दीर्घ सुस्कारा टाकण्याचा प्रकार सरस ठरला. म्हणून नवशिक्याला मी श्वास, भ्रामरी किंवा लहानपणापासून पाठ असलेले काही मोठ्याने म्हणणे सुचवते. रामरक्षा पाठ असेल तर रामरक्षा म्हणा. ओळीच्या लयीत श्वास आपोआप लांबतो. कपालभाती मात्र रात्री नको, ती जागे करणारी आहे. आणि आईला एक वाक्य सांगून ठेवा: “रोज रात्री नऊला मीच फोन करीन, अभ्यास किती झाला हे विचारू नकोस, घरी काय केलं ते सांग.” माझ्या पाहण्यातल्या बहुतेक आया हे ऐकतात, वडिलांना दोनदा सांगावे लागते.

बॅक राहिलेल्या विषयाची भीती वेगळी हाताळावी लागते, कारण तिचा पुस्तकाशी संबंध कमी आणि “वायडी बसेल” (इयर डाउन, म्हणजे वर्ष वाया जाईल) या शब्दांशी जास्त असतो. ते शब्द वसतिगृहाच्या जिन्यात फार मोठे ऐकू येतात. एका संध्याकाळी विद्यापीठाचा नियम आणि स्वतःची गुणपत्रिका समोर ठेवून, पुढच्या वर्षात जायला नेमके किती क्रेडिट लागतात आणि त्यांतले किती हातात आहेत, हा हिशेब लेखी करावा. शंका असेल तर परीक्षा विभागातल्या लिपिकाला विचारावे, सीनियरला नव्हे. आकडा वाईट निघाला तरी तो आकडा असतो. त्यानंतर तो कागद कपाटात ठेवून कुलूप लावावे. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या “हे शंभर टक्के येणार” छाप आयएमपींच्या, म्हणजे महत्त्वाच्या प्रश्नांच्या, याद्यांनाही हेच लागू. मागच्या चार-पाच वर्षांचे पेपर घेऊन तुम्ही स्वतः केलेली यादी बरी, आणि पीएलपुरता तो ग्रुप म्यूट करावा.

दोन गोष्टींत मी सौम्य बोलत नाही. वसतिगृहात कोणाकडे तरी झोपेच्या, “एकाग्रतेच्या” किंवा धडधड कमी करण्याच्या गोळ्या असतातच. दुसऱ्याच्या चिठ्ठीवरची गोळी घेऊ नये. धडधडीसाठी दिली जाणारी प्रोप्रॅनोलॉल दमा असलेल्याला थेट धोकादायक ठरू शकते, आणि आपल्याला सौम्य दमा आहे हे बऱ्याच मुलांच्या लक्षातही नसते. दुसरी गोष्ट: झोप आणि जेवण दोन आठवडे विस्कटलेलेच राहिले, विनाकारण रडू येत राहिले किंवा जगण्यात अर्थ नाही असे एकदा जरी वाटले, तर तो परीक्षेचा ताण म्हणून सोडून देऊ नये. १४४१६ हा केंद्र सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक आहे. ती १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, मोफत आहे, रात्रीही उचलली जाते आणि मराठीत बोलता येते. रूममेटविषयी शंका आली तर त्याला एकटे न सोडता, त्याच्याजवळ बसून तुम्हीच तो क्रमांक लावा आणि वॉर्डनला उठवा. रात्रीचे दोन वाजले असले तरी उठवा.

पेपरच्या दिवशी नवे काही करायचे नसते. परीक्षेआधी दहा मिनिटे आपली भीती कागदावर लिहून काढली की गुण वाढतात, असा एक प्रयोग २०११ साली फार गाजला होता. २०१८ साली दुसऱ्या संशोधकांनी तो पुन्हा करून पाहिला तेव्हा तसा परिणाम दिसला नाही. त्यामुळे मी तो हट्टाने करायला लावत नाही; ज्याला लिहून बरे वाटते त्याने लिहावे. हॉल तिकीट, ओळखपत्र, कॅल्क्युलेटर आणि दोन पेन रात्रीच पिशवीत ठेवावीत. प्रश्नपत्रिका हातात आल्यावर डोळ्यांपुढे पांढरे झाले, तर तळपाय जमिनीवर दाबावेत, तीन लांब श्वास सोडावेत आणि जो प्रश्न सर्वांत ओळखीचा वाटतो त्याची आकृती काढायला घ्यावी, उत्तर आठवण्याची वाट न पाहता. हात चालू लागला की बाकीचे मागून येते. बाहेर पडल्यावर गेटपाशी उत्तरे जुळवत उभे राहू नये. त्या गर्दीत बरोबर उत्तरसुद्धा चुकीचे वाटू लागते.

राहिला सिनेमा. आज जाऊ नका, कारण आज तुम्ही दमलेले नाही, घाबरलेले आहात, आणि पडद्यावर मध्यंतर होईपर्यंत पोटात तोच गोळा राहील. त्याऐवजी आज त्या युनिटचा एक कोरा कागद करा. एम-थ्रीचा पेपर झाला, की पुढच्या पेपरला किती दिवसांची गॅप आहे ते वेळापत्रकात पाहा. तीन दिवसांची असेल तर त्याच संध्याकाळी मित्रांबरोबर जा. मात्र रात्री नऊचा नव्हे, सहाचा शो घ्या, म्हणजे मेस बंद व्हायच्या आत परत याल.